लिब्रेऑफिसमधील दोष कोठे आणि कसा कळवावा : मराठी वापरकर्त्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठीत काम करताना लिब्रेऑफिस या मुक्त कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये काही अडले, की ती गोष्ट बहुधा एखाद्या व्हॉट्सॲप गटात किंवा संगणकाची माहिती असलेल्या ओळखीच्या माणसाच्या कानावर घातली जाते आणि तेथेच विरून जाते. दुरुस्ती करणारी माणसे त्या गटात नसतात. ती जेथे असतात तेथे मराठीतील अडचणींच्या नोंदी कमी पोहोचतात आणि ज्या पोहोचतात त्यांपैकी बऱ्याच चुकीच्या दारावर थांबलेल्या असतात. कोणती अडचण कोणत्या ठिकाणी कळवावी आणि कळवताना काय द्यावे, हे येथे सांगितले आहे. हे पान एका स्वयंसेवकाने लिहिले असून ते लिब्रेऑफिसमागील संस्थेचे अधिकृत निवेदन नव्हे.

लिब्रेऑफिसमधील दोष अधिकृतपणे कोठे नोंदवले जातात?

लिब्रेऑफिसमागे द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिन येथील ना-नफा संस्था आहे. ओपनऑफिस डॉट ऑर्गपासून वेगळे होऊन २०१० साली हा प्रकल्प सुरू झाला. आरंभी त्याच्या दोषांची नोंदवही फ्रीडेस्कटॉप या दुसऱ्या प्रकल्पाच्या बगझिलावर, म्हणजे दोष नोंदवण्याच्या ऑनलाइन यंत्रणेवर, होती. २०१५ च्या सुरुवातीस ती संस्थेच्या स्वतःच्या बगझिलावर आणण्यात आली. आज बग्स डॉट डॉक्युमेंटफाउंडेशन डॉट ऑर्ग हीच अधिकृत जागा आहे. हेल्प मेन्यूतील ‘सेंड फीडबॅक’ हा पर्याय निवडला, तरी आपण शेवटी तेथेच पोहोचता.

फेसबुकवरील टिप्पणी, यूट्यूबवरील चित्रफितीखालचा अभिप्राय किंवा संस्थेच्या एखाद्या पदाधिकाऱ्याला पाठवलेला व्यक्तिगत संदेश यांची दोष म्हणून नोंद होत नाही.

मला एखादी गोष्ट जमत नाही. तो दोष आहे की माझे अज्ञान, हे कसे ओळखावे?

‘हे कसे करायचे’ असा प्रश्न असेल, तर तो आस्क लिब्रेऑफिस या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावर विचारावा. ‘हे असे व्हायला नको होते’ असे खात्रीने म्हणता येत असेल, तर बगझिलावर जावे. दोहोंच्या मध्ये घुटमळत असाल, तर आधी आस्कवर विचारावे, कारण तेथील अनुभवी मंडळी तो दोष असल्यास तसे सांगतात आणि बगझिलावर नोंद करण्यास सुचवतात.

मराठी वापरकर्त्यांना दोष वाटणाऱ्या, पण दोष नसलेल्या दोन गोष्टी येथेच सांगून टाकतो. पहिली अशी की लिब्रेऑफिस एकाच मजकुरासाठी तीन वेगवेगळे फॉन्ट लक्षात ठेवते : एक रोमन व तत्सम लिप्यांसाठी, दुसरा चिनी-जपानी गटासाठी आणि तिसरा देवनागरी, अरबी यांसारख्या जटिल मांडणीच्या लिप्यांसाठी. त्यामुळे शैलीच्या खिडकीत रोमनसाठीचा फॉन्ट किंवा आकार बदलला, तर देवनागरी मजकूर तसाच राहतो आणि ‘आकार बदलतच नाही’ अशी तक्रार सुरू होते. दुसरी गोष्ट बॅकस्पेसची. जोडाक्षराच्या शेवटी बॅकस्पेस दाबल्यावर सामान्यतः पूर्ण अक्षर न पुसता केवळ शेवटची मात्रा किंवा चिन्ह पुसले जाते, तर डिलीट दाबल्यावर पुढचे संपूर्ण अक्षर जाते. टंकलेखनातील शेवटची चूक तेवढीच सुधारता यावी म्हणून ही योजना मुद्दाम केलेली आहे.

नोंद करण्याआधी काय तपासून पाहावे?

प्रथम हेल्प मेन्यूतील ‘अबाउट लिब्रेऑफिस’ उघडून आवृत्ती पाहावी. तेथे आवृत्तीची सगळी माहिती एकदम नक्कल करण्याचे बटण आहे. ती माहिती जशीच्या तशी नोंदीत चिकटवावी, हाताने टंकू नये. २०२४ पासून आवृत्तीचे क्रमांक वर्ष आणि महिना यांवरून पडतात, म्हणजे २४.२ ही आवृत्ती २०२४ च्या फेब्रुवारीतील मालिकेची. मोठी आवृत्ती वर्षातून दोनदा, साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत येते. आपल्याकडील आवृत्ती दोन-तीन वर्षे जुनी असेल, तर ताजी आवृत्ती बसवून तोच प्रसंग पुन्हा घडवून पाहावा. शाळा आणि कार्यालयांतील संगणकांवर हे पाऊल हमखास वगळले जाते, आणि दुरुस्त होऊन गेलेले दोष पुन्हा नोंदवले जाण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे असे माझे मत आहे.

त्यानंतर हेल्प मेन्यूतून ‘रीस्टार्ट इन सेफ मोड’ निवडावे. या अवस्थेत आपले विस्तार (एक्स्टेन्शन, म्हणजे वरून बसवलेल्या जोड-सोयी) आणि वैयक्तिक मांडणी बाजूला ठेवून लिब्रेऑफिस उघडते. दोष तेथे नाहीसा होत असेल, तर मूळ कारण बहुधा वैयक्तिक मांडणी साठवणाऱ्या बिघडलेल्या प्रोफाइलमध्ये किंवा एखाद्या विस्तारात असते, आणि ते विस्ताराच्या कर्त्याला कळवणे योग्य ठरते.

शेवटी बगझिलावर शोध घ्यावा. शोधताना ‘मराठी’ हा शब्द पुरेसा नाही. देवनागरीतील दोष अनेकदा हिंदी किंवा नेपाळी वापरकर्त्यांनी आधीच नोंदवलेले असतात, म्हणून ‘देवनागरी’, ‘इंडिक’, ‘सीटीएल’ (जटिल मांडणीच्या लिप्या) आणि ‘हार्फबझ’ (अक्षरांची मांडणी ठरवणारे सॉफ्टवेअर) हे शब्दही रोमन लिपीत घालून पाहावेत.

जोडाक्षरे तुटलेली किंवा चुकीची दिसतात. हे लिब्रेऑफिसला कळवायचे का?

कधी होय, कधी नाही. देवनागरी अक्षर पडद्यावर येईपर्यंत ते अनेकांच्या हातांतून जाते. कळफलकाची सोय युनिकोडमधील चिन्हे देते, लिब्रेऑफिस मजकुराचे तुकडे पाडते, हार्फबझ नावाचे मुक्त सॉफ्टवेअर त्या चिन्हांची मांडणी ठरवते आणि फॉन्ट प्रत्यक्ष आकार पुरवतो. या प्रत्येकाची नोंदवही वेगळी आहे. लिब्रेऑफिसच्या ५.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर मांडणीचे काम हार्फबझच करते. त्यापूर्वी प्रत्येक प्रणालीवर वेगळी व्यवस्था होती, त्यामुळे त्या काळातील नोंदी आणि सल्ले आज लागू पडतीलच असे नाही.

दोष कोणाचा, हे शोधण्याची एक सोपी रीत आहे. तोच मजकूर, तोच फॉन्ट लावून, फायरफॉक्समध्येही उघडून पाहावा. फायरफॉक्ससुद्धा मांडणीसाठी हार्फबझच वापरतो. तेथे अक्षर नीट दिसत असेल आणि फक्त लिब्रेऑफिसमध्ये तुटत असेल, तर दोष लिब्रेऑफिसचा आहे आणि बगझिला ही त्याची जागा आहे. दोन्हीकडे तुटत असेल, तर तिसरी कसोटी मायक्रोसॉफ्ट वर्डची, कारण त्याची मांडणीची यंत्रणा स्वतंत्र आहे. त्याच फॉन्टने वर्डमध्ये अक्षर नीट दिसले तर संशय हार्फबझवर जातो. तिन्हींकडे बिघडले तर दोष फॉन्टचा, असे मानून चालावे. हार्फबझचे दोष गिटहब या संकेतस्थळावरील त्याच्या भांडारात (कोड ठेवण्याच्या जागेत) नोंदवतात. फॉन्टचे दोष त्या त्या फॉन्टच्या भांडारात जातात. नोटो या फॉन्टमालिकेसाठी ते वेगळे आहे आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेच्या मुक्ता या फॉन्टसाठी वेगळे.

या कसोटीत एक खाच आहे. आपण निवडलेला फॉन्ट संगणकावर नसेल, तर लिब्रेऑफिस गुपचूप दुसरा लावते. फॉन्टच्या चौकटीतील नाव तिरक्या अक्षरांत दिसले, तर तो फॉन्ट बसवलेला नाही असे समजावे. भलत्याच फॉन्टची तक्रार मुक्ताच्या कर्त्यांकडे गेली, तर सगळ्यांचाच वेळ जातो.

लिब्रेऑफिसचेच म्हणता येतील असे दोष बहुतेक तुकडे पाडण्याच्या टप्प्यावर आढळतात. एकाच जोडाक्षराच्या मधोमध रंग बदलणे, बदलांची नोंद चालू असताना केवळ एक मात्रा सुधारणे, परिच्छेद दोन्ही बाजूंनी समांतर केल्यावर ताणलेले अंतर, पीडीएफमध्ये निर्यात केल्यावरच सुटणारी अक्षरे, असे प्रसंग असले, की न कचरता बगझिलावर नोंद करावी.

‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र नीट उमटत नाही. यासाठी वेगळे काही द्यावे लागते का?

होय, आणि ते न दिल्यामुळे अशा नोंदी रखडतात. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक, नुक्तायुक्त ऱ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसायला हवेत, परंतु दोष अनेकदा एकाच प्रकारात असतो. नोंद वाचणारा माणूस जर्मनीत किंवा हंगेरीत बसलेला असेल, तर चित्र पाहून त्याला यातील फरक कळण्याची शक्यता नाही.

रायटर या लिब्रेऑफिसच्या लेखनाच्या भागात कर्सर त्या अक्षराच्या लगेच पुढे ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. अक्षराच्या जागी त्याचे युनिकोड क्रमांक दिसू लागतात आणि पुन्हा दाबल्यावर अक्षर परत येते. ०९३१ हा क्रमांक दिसला तर पहिला प्रकार, ०९३० आणि पुढे २००डी दिसले तर दुसरा. हे क्रमांक नोंदीत लिहावेत. ‘ॲ’ या अक्षराच्या बाबतीतही हेच करावे, कारण २००८ साली युनिकोड ५.१ मध्ये त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक मिळाला असला, तरी जुन्या मजकुरात ‘अ’वर चंद्र चढवून ते साधलेले आढळते.

‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. हा दोष कोणाकडे नोंदवावा?

आधी मजकुराची भाषा तपासावी. पुष्कळ फॉन्टमध्ये या अक्षरांचे हिंदी आणि मराठी असे दोन्ही आकार असतात, आणि कोणता द्यायचा हे मजकुराला लावलेल्या भाषेवरून ठरते. मजकूर निवडल्यावर खालच्या पट्टीत भाषेचे नाव दिसते. तेथे हिंदी असेल तर मराठी करावे आणि टूल्स मेन्यूतील ऑप्शन्समध्ये भाषांच्या विभागात जाऊन जटिल मांडणीच्या लिप्यांसाठी मराठी ही कायमची निवड ठेवावी. एवढे केल्यावरही आकार बदलला नाही, तर फॉन्टमध्ये ती सोयच नसण्याची शक्यता अधिक असते. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट मराठीसाठीच बांधलेला असल्यामुळे पडताळणीसाठी उपयोगी पडतो.

श्रीलिपी किंवा कृतीदेवमधील जुनी फाइल उघडल्यावर निरर्थक अक्षरे दिसतात.

हा दोष नाही, नोंद करू नये. त्या फायलींत देवनागरी मजकूर नसतोच. रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात आणि तो फॉन्ट नसेल तर खालचे मूळ क्रमांक उघडे पडतात. युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने वापरावीत आणि रूपांतरानंतर रफार व ऱ्हस्व वेलांटी असलेले शब्द डोळ्यांखालून घालावेत.

मेन्यूतील मराठी भाषांतर चुकीचे किंवा कृत्रिम वाटते. ते कोठे कळवावे?

भाषांतरासाठी संस्थेने वेबलेट ही यंत्रणा ठेवली आहे. तेथे खाते उघडून मराठी निवडावे, चुकीचे वाक्य शोधावे आणि आपला पर्याय सूचना म्हणून नोंदवावा. एका शब्दाच्या चुकीसाठी बगझिलावर नोंद करणे म्हणजे विकसकांकडे असे काम पाठवणे, जे त्यांना करता येत नाही. त्यांना मराठी येत नाही आणि त्यांनी ते करणे अपेक्षितही नाही.

सूचना करताना दोन पथ्ये पाळावीत. वाक्यात टक्केचिन्हाने सुरू होणारे शब्द असतात, उदाहरणार्थ उत्पादनाचे नाव आपोआप घालणारा शब्द. त्यांना हात लावू नये, भाषांतर तर मुळीच करू नये. दुसरे, एकच संज्ञा सगळीकडे एकच राहील हे पाहावे. ‘सेव्ह’ला एका ठिकाणी ‘जतन करा’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘साठवा’ असे झाले, की वापरणारा गोंधळतो. स्वीकारलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीतच आपल्या संगणकावर येते. दुसऱ्याच दिवशी बदल दिसला नाही म्हणून तीच सूचना पुन्हा करू नये.

भाषांतर बरोबर असूनही ते खिडकीत मावत नसेल किंवा एखादे वाक्य वेबलेटवर मराठीत असूनही पडद्यावर इंग्रजीतच येत असेल, तर मात्र तो विकसकांचा विषय आहे आणि बगझिलावर जातो.

वारांची-महिन्यांची नावे, वर्णक्रम आणि शुद्धलेखन तपासणी यांतील चुकांचे काय?

तिन्हींची घरे निराळी आहेत. वार, महिने, दिनांकाचा नमुना आणि चलनाचे चिन्ह यांची मराठीसाठीची माहिती लिब्रेऑफिस स्वतःच बाळगते, तेव्हा कॅल्क या तक्त्यांच्या भागात दिनांक चुकीच्या स्वरूपात उमटला तर बगझिला. यादी वर्णक्रमाने लावताना ळ, क्ष किंवा ज्ञ भलत्या जागी जात असतील, तर तो क्रम आयसीयू या सॉफ्टवेअरमधून आणि त्यामागे युनिकोड संस्थेच्या सीएलडीआर या भाषाविषयक माहितीसाठ्यातून आलेला असण्याची शक्यता असते. सीएलडीआरची स्वतःची नोंदवही आहे आणि तेथे झालेली दुरुस्ती केवळ लिब्रेऑफिसपुरती न राहता मोबाइल फोनपर्यंत सगळीकडे झिरपते. तेथे जरा अधिक पुरावा द्यावा लागतो. छापील मराठी शब्दकोशातील क्रमाचा दाखला उपयोगी पडतो.

शुद्धलेखन तपासणीत बरोबर शब्द लाल रेघेने अधोरेखित होत असेल, तर एक्स्टेन्शन मॅनेजरमध्ये पाहून मराठी शब्दकोश कोणी तयार केला आहे ते शोधावे आणि त्यांनाच कळवावे. एकेक शब्द न पाठवता यादी करून पाठवणे बरे.

चांगल्या नोंदीत काय काय असावे?

ज्याला आपली भाषा वाचता येत नाही अशा माणसाला तोच दोष त्याच्या संगणकावर घडवून पाहता आला पाहिजे, इतकेच. त्यासाठी रायटरची एक छोटी ओडीटी फाइल जोडावी, ज्यात दोष दाखवण्यापुरत्या दोन ओळी असतील. चाळीस पानांचा अहवाल जोडून ‘पान सतरा पाहा’ असे लिहिले, तर ती नोंद हातात घ्यायला कोणीही धजत नाही. फाइलबरोबर चुकीचे दिसणाऱ्या भागाचे चित्र आणि तोच मजकूर योग्य रीतीने कसा दिसायला हवा याचे दुसरे चित्र द्यावे. देवनागरीसाठी हे दुसरे चित्र अत्यावश्यक आहे. ‘चुकीचे दिसते’ हे आपल्याला दिसते, त्यांना नाही. वर्डच्या फाइलची अडचण असेल, तर मूळ डॉक्स फाइल आणि वर्डमधूनच काढलेली पीडीएफ असे दोन्ही जोडावे.

शीर्षकात ‘मराठी नीट चालत नाही’ असे मोघम विधान करण्यापेक्षा ‘पीडीएफ निर्यातीत तिरप्या अक्षरांतील अर्ध्या र चा आकार सुटतो’ अशा अर्थाचे नेमके वाक्य लिहावे. त्याखाली कृतीचे टप्पे क्रमाने द्यावेत : काय उघडले, काय दाबले, काय घडले, काय घडायला हवे होते. एका नोंदीत एकच दोष असावा. तीन दोष एकत्र लिहिले, तर पहिला दुरुस्त झाल्यावर नोंद बंद होते आणि उरलेले दोन हरवतात.

दोष पूर्वी नव्हता आणि नव्या आवृत्तीत आला असे वाटत असेल, तर ते आवर्जून लिहावे. संस्थेच्या संग्रहात जुन्या आवृत्त्या उतरवून घेण्यासाठी ठेवलेल्या आहेत. कोणत्या आवृत्तीपर्यंत ठीक होते आणि कोणत्या आवृत्तीपासून बिघडले, हे आपण शोधून दिले, तर तपासणाऱ्यांना तो दोष नेमक्या कोणत्या बदलामुळे आला येथपर्यंत पोहोचणे फार सोपे जाते. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या माणसाकडून होण्याजोगी याहून मोलाची मदत मला ठाऊक नाही.

नोंद मराठीत लिहिली तर चालेल का?

बगझिलाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून नोंद इंग्रजीत असावी. इंग्रजी सफाईदार असण्याची गरज नाही. लहान वाक्ये, क्रमाने दिलेले टप्पे आणि फाइल एवढे असले की पुरते. यंत्राकडून भाषांतर करून घेण्यासही हरकत नाही, मात्र मेन्यूंची नावे भाषांतरात बदलत नाहीत ना, ते पाहावे. मराठी इंटरफेस वापरत असाल, तर चित्र काढण्यापूर्वी इंटरफेस तात्पुरता इंग्रजीत करावा. यंत्रालाच दोष शोधायला लावून त्याने लिहिलेला लांबलचक मजकूर न पडताळता चिकटवणे मात्र कटाक्षाने टाळावे. न घडणाऱ्या दोषाच्या मागे लागण्यात स्वयंसेवकांचे तास जातात.

माझी फाइल गोपनीय आहे. ती कशी जोडावी?

जोडू नये. बगझिलावरील नोंदी आणि जोडलेल्या फायली सर्वांना उघड असतात. आधार क्रमांक असलेली यादी, विद्यार्थ्यांचे गुण, सातबाऱ्याची प्रत किंवा कार्यालयीन पत्रव्यवहार तेथे गेला, की तो जगभर गेला. नोंदणी करतानाही असाच विचार करावा आणि उघड झाला तरी चालेल असा ई-मेल पत्ता वापरावा.

मूळ फाइलची प्रत काढून तिच्यातील मजकूर बदलावा आणि दोष तरीही दिसतो का ते पाहावे. इंग्रजी दस्तऐवजासाठी सगळी अक्षरे एक्सने बदलण्याचा सल्ला दिला जातो, पण देवनागरीत तो घातक ठरतो, कारण दोष जोडाक्षरात असेल तर अक्षराबरोबर दोषही पुसला जातो. त्याऐवजी नावे आणि आकडे बदलावेत आणि दोष असलेला शब्द तसाच ठेवावा. फाइलच्या गुणधर्मांत लेखकाचे नाव राहते, तेही काढावे.

सुरक्षेशी संबंधित दोष आढळला तर?

तो बगझिलावर मुळीच नोंदवू नये. एखादी फाइल नुसती उघडल्यावर, मॅक्रोची सूचना न येता, काही आज्ञा चालत असतील किंवा आपल्या नकळत फाइलमधून बाहेर संपर्क होत असेल, तर संस्थेच्या संकेतस्थळावरील सुरक्षाविषयक पानावर दिलेल्या खाजगी पत्त्यावर कळवावे आणि दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत कोठेही वाच्यता करू नये.

असे का, हे एका प्रत्यक्ष प्रकरणावरून कळते. २०१८ साली लिब्रेऑफिसमध्ये असा दोष सापडला, की खास बनवलेल्या दस्तऐवजातील दुव्यावरून माउस फिरवला तरी संगणकावरील पायथॉनची आज्ञावली कोणताही इशारा न देता चालवता येत असे. शोधणाऱ्याने तो खाजगीरीत्या कळवला, ६.०.७ आणि ६.१.३ या आवृत्त्यांत दुरुस्ती झाली आणि तपशील फेब्रुवारी २०१९ मध्ये, म्हणजे दुरुस्त आवृत्ती लोकांच्या हातात पडल्यावर, जाहीर झाला. सुरक्षादोषांच्या सीव्हीई या यादीत सीव्हीई-२०१८-१६८५८ या क्रमांकाने तो नोंदलेला आहे. आधी गाजावाजा झाला असता, तर मधल्या काळात प्रत्येक वापरकर्ता उघडा पडला असता.

प्रोग्रॅम नुसता बंद पडणे हे बहुतेक वेळा या वर्गात येत नाही. तो बंद पडल्यावर पुन्हा उघडताना अहवाल पाठवण्याची विचारणा झाली, तर होकार द्यावा आणि मिळालेला अहवालाचा दुवा बगझिलावरील नोंदीत द्यावा. मात्र अनोळखी व्यक्तीकडून आलेल्या फाइलमुळे तो बंद पडला असेल, तर खाजगी मार्गच धरावा.

उबंटू किंवा डेबियनमधून आलेले लिब्रेऑफिस वापरत असल्यास नोंद कोठे करावी?

शक्य असल्यास संस्थेच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या आवृत्तीवर दोष तपासावा. तेथेही घडला तर बगझिला. केवळ वितरणाच्या (उबंटू किंवा डेबियनने दिलेल्या) आवृत्तीत घडत असेल, तर उबंटूसाठी लाँचपॅड हे संकेतस्थळ आणि डेबियनसाठी त्याची ‘रिपोर्टबग’ ही आज्ञा वापरावी.

नावांच्या सारखेपणामुळे होणारी आणखी एक गल्लत : अपाचे ओपनऑफिस हा वेगळा प्रकल्प आहे आणि त्याचे बगझिलाही वेगळे आहे. मोबाइलवरील किंवा ब्राउझरमधील, लिब्रेऑफिसवर आधारित कोलॅबोरा वापरत असाल, तर त्यांचे दोष गिटहबवरील त्यांच्या भांडारात कळवावेत.

गिटहबवर लिब्रेऑफिसचे भांडार दिसते. तेथे का नोंदवू नये?

ती केवळ आरशातील प्रत आहे. दोष तेथे नोंदवता येत नाहीत आणि पाठवलेले बदलही तेथून स्वीकारले जात नाहीत. कोड पाठवायचा असल्यास गेरिट या यंत्रणेवरून पाठवावा.

नोंदीपुढे दिसणाऱ्या स्थितींचा अर्थ काय?

‘अनकन्फर्म्ड’ म्हणजे दुसऱ्या कोणी अजून पडताळलेले नाही. ‘न्यू’ म्हणजे दोष खरा असल्याचे मान्य झाले. कोणी हाती घेतला असा त्याचा अर्थ नाही. ‘नीडइन्फो’ दिसले, की चेंडू आपल्याकडे आहे. विचारलेली माहिती देऊन स्थिती स्वतः पुन्हा ‘अनकन्फर्म्ड’ करावी, नाहीतर उत्तर दिलेले असूनही कोणाच्या लक्षात येत नाही. सहा महिने काहीच हालचाल नसेल तर आठवण येते आणि त्यानंतरच्या महिन्याभरात उत्तर न आल्यास नोंद अपुऱ्या माहितीच्या कारणाने बंद होते. मराठीतील कित्येक नोंदींचा शेवट असा होताना दिसतो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे.

‘डुप्लिकेट’ म्हणून नोंद बंद झाली तर रागावू नये. आपली फाइल आणि निरीक्षणे मूळ नोंदीशी जोडली जातात आणि तिचे वजन वाढवतात. ‘नॉट अवर बग’ म्हणजे दोष आहे, पण घर दुसरे आहे. अशा वेळी त्या दुसऱ्या नोंदवहीत नोंद करून तिचा दुवा येथे द्यावा.

आवृत्तीच्या रकान्यात माझी आताची आवृत्ती लिहावी ना?

नाही. दोष ज्या सर्वांत जुन्या आवृत्तीत आढळला, ती आवृत्ती तेथे असते. दुसऱ्याच्या नोंदीतील हा आकडा नव्याने बदलू नये. नव्या आवृत्तीत दोष अजून आहे, हे टिप्पणीत लिहावे.

काम अडले आहे, म्हणून गांभीर्य ‘क्रिटिकल’ ठेवू का?

ठेवू नये. फाइल नष्ट होणे, प्रोग्रॅम वारंवार बंद पडणे यांसाठी ती पातळी आहे, आणि चुकीची लावल्यास तपासणारे ती खाली आणतात. नव्या सोयीची मागणी असेल तर ‘एन्हान्समेंट’ निवडावे.

नोंदीला महिनोन्महिने उत्तर नाही. काय करावे?

नव्या आवृत्तीत पुन्हा तपासून निष्कर्ष लिहावा. ‘मलाही हाच त्रास आहे’ एवढेच लिहिणाऱ्या टिप्पण्यांनी नोंद लांबते, पुढे सरकत नाही. आपली प्रणाली, आवृत्ती आणि वेगळे काही आढळले असेल तर ते लिहावे, अन्यथा केवळ सीसीच्या यादीत (नोंदीतील बदल ई-मेलने कळवण्याच्या यादीत) स्वतःला घालून घ्यावे. दुसऱ्या जिल्ह्यातील, दुसऱ्या प्रणालीवर काम करणाऱ्या परिचिताकडून पडताळणी करून घेणे सर्वांत परिणामकारक, कारण ‘अनकन्फर्म्ड’मधून बाहेर पडण्यासाठी दुसऱ्या माणसाची साक्षच हवी असते.

शेकडो संगणक असलेल्या कार्यालयाचे काम खरोखर अडले असेल, तर वेगळा मार्ग आहे. संस्था स्वतः सशुल्क साहाय्य देत नाही, पण तिने प्रमाणित केलेले विकसक आणि कंपन्या ते देतात. दुरुस्तीसाठी त्यांना पैसे मोजले, तरी ती दुरुस्ती अखेर सर्वांसाठी खुली होण्याचीच रीत आहे.

दुरुस्त म्हणून बंद झालेला दोष मला पुन्हा दिसतो. जुनी नोंद उघडू का?

दुरुस्ती ज्या आवृत्तीत आली ती आवृत्ती आपल्याकडे आहे का, हे प्रथम पाहावे. नोंदीत तिचा क्रमांक दिलेला असतो. असूनही दोष दिसत असेल, तर जुनी नोंद न उघडता नवी करावी, ‘सी ऑल्सो’च्या रकान्यात जुनीचा क्रमांक द्यावा आणि आपली नवी, छोटी नमुना-फाइल जोडावी. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन दोषांची कारणे पुष्कळदा निराळी निघतात आणि एकाच नोंदीत दोन दुरुस्त्या मिसळल्या, तर पुढे त्यांचा माग काढणे कठीण होते.